जलद गाडीचा पास आणि एकवीस मिनिटांचा हिशेब

मी रोज ज्या मार्गाने कामावर जाते, त्या मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या धावतात. धीमी गाडी वाटेतल्या सर्व अठरा स्थानकांवर थांबत वेळापत्रकानुसार ६२ मिनिटांत शेवटच्या स्थानकाला पोहोचते. जलद गाडी वाटेत फक्त चार ठिकाणी थांबते आणि तेच अंतर ४१ मिनिटांत कापते. मात्र तिच्या मासिक पासासाठी धीम्या गाडीच्या पासाच्या दीडपटीहून अधिक पैसे मोजावे लागतात. पासाचे नूतनीकरण जवळ आले की सहप्रवाशांमध्ये हा विषय हटकून निघतो, आणि कोणीतरी ‘वेळ म्हणजे पैसा’ म्हटले किंवा ‘वीस मिनिटांनी काय होतंय’ असे विचारले की तिथेच मिटतो. माझे समाधान या दोन्हींनी होत नव्हते. एका बाजूला दरमहा खिशातून जाणारी नक्की रक्कम होती आणि दुसऱ्या बाजूला एकवीस मिनिटे होती. पण ती मिनिटे दिवसात नेमकी कुठे पडतात आणि त्यांतली किती आपल्या हाती लागतात, हे आमच्यापैकी कोणी तपासलेले नव्हते. म्हणून काही आठवडे धीम्या गाडीने आणि पुढचे काही आठवडे जलद गाडीने प्रवास करून, घराचे दार ओढून घेतल्यापासून कामाच्या जागी पोहोचेपर्यंतच्या वेळा मी वहीत नोंदवत गेले. प्रवासाच्या वेळेचे मोल ठरवण्याच्या ज्या रीती वाहतुकीचे अभ्यासक वापरतात, त्याही त्याच काळात वाचून काढल्या.

पहिला प्रश्न असा होता की ही एकवीस मिनिटे येतात कुठून. जलद गाडी म्हणजे अधिक वेगाने पळणारी गाडी असे आपण धरून चालतो, पण उपनगरी मार्गावर वेळेची खरी बचत होते ती न थांबण्यातून. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. तिचा वेग सेकंदागणिक मीटरच्या आठ दशांशाने वाढतो आणि त्याच प्रमाणात कमी होतो असे धरले, तर थांबण्यासाठी सुमारे ३५ सेकंद आणि पुन्हा पूर्ण वेग घेण्यासाठी तितकेच सेकंद लागतात. या सत्तर सेकंदांत जेवढे अंतर जाते, तेवढे न थांबणारी गाडी ३५ सेकंदांत जाते. म्हणजे नुसत्या वेग कमी-जास्त करण्यात ३५ सेकंद जातात, त्यात फलाटावरच्या चढउतारासाठी अर्धा मिनिट धरला की एका थांब्याची किंमत सुमारे ६५ सेकंद होते. माझी जलद गाडी चौदा थांबे गाळते. त्यांचे मिळून पंधरा मिनिटे झाली. उरलेली सहा मिनिटे स्थानकांमधील लांब पट्ट्यांत मिळणाऱ्या अधिक वेगाची.

हे गणित मी आवर्जून मांडते आहे, कारण अधिक भाडे आकारणाऱ्या सेवेची जाहिरात बहुधा कमाल वेग सांगून केली जाते आणि प्रवाशाला त्या आकड्याचा उपयोग फार थोडा असतो. चाळीस किलोमीटरच्या प्रवासात सरासरी वेग ताशी ४० वरून ५० झाला तर बारा मिनिटे वाचतात. तोच वेग ८० वरून ९० झाला तर साडेतीन मिनिटेही वाचत नाहीत. वेग जितका आधीच जास्त, तितकी त्यात घातलेली पुढची भर कमी फळते. त्यामुळे एखादी सेवा महाग का आहे हे समजून घेताना तिचा कमाल वेग विचारण्यापेक्षा ती किती थांबे गाळते आणि गाळलेल्या थांब्यांवर उभ्या असलेल्या धीम्या गाडीला ओलांडून जाण्याची तिच्यासाठी सोय आहे का, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

ही ओलांडण्याची गोष्ट नोंदींच्या दुसऱ्याच आठवड्यात समोर आली. आमच्या मार्गाच्या बहुतांश भागात चार रूळमार्ग आहेत, म्हणजे जलद आणि धीम्या गाड्यांना आपापली जोडी मिळते. शेवटच्या टप्प्यात मात्र दोनच मार्ग उरतात आणि सगळ्या गाड्या एकामागून एक त्यांवरून जातात. पुढची धीमी गाडी उशिराने धावत असेल, तर तिच्या मागे आलेली जलद गाडी सिग्नलला थांबते आणि मग तिचा वेग तिच्या हातात राहत नाही. सुरळीत दिवशी जलद गाडी इतकी वक्तशीर असायची की तिच्यावर घड्याळ लावावे. पण विस्कळीत दिवशी तिचा उशीर धीम्या गाडीपेक्षा मोठा व्हायचा, कारण तिला सुटलेल्या मिनिटांची भरपाई करायला वाव नव्हता आणि ती चुकली तर दुसरी लगेच मिळत नव्हती. ज्याला ठरावीक वेळेला हजेरी लावायची असते, त्याने सरासरी वेळ पाहून भागत नाही. वीसपैकी एकोणीस दिवस वेळेवर पोहोचायचे तर घरून कधी निघावे लागेल, हा त्याचा प्रश्न असतो. दोन गाड्यांची सरासरी एकच असली, तरी जिच्या वेळा अधिक विखुरलेल्या आहेत ती प्रवाशाकडून रोज जास्तीची मिनिटे आगाऊ वसूल करते. ती मिनिटे कोणत्याही वेळापत्रकात छापलेली नसतात.

मग मी दारापासून दारापर्यंतचा हिशेब घेतला. जलद गाडी मोठ्या स्थानकाच्या दूरच्या फलाटावर लागते, त्यामुळे चालण्यात धीम्या गाडीपेक्षा तीन मिनिटे जास्त जातात. सकाळी घरून निघण्याची वेळ माझ्या हातात असते, म्हणून वेळापत्रक पाहून कोणतीही गाडी गाठता येते. पण जलद गाडी अर्ध्या तासाने एक आणि धीमी दहा मिनिटांनी एक असल्यामुळे जलद गाडी चुकणे महागात पडते. ती चुकू नये म्हणून मी स्थानकावर चार मिनिटे लवकर पोहोचत असे. एकवीस मिनिटांतून ही सात वजा झाली आणि सकाळची खरी बचत चौदा मिनिटांवर आली.

संध्याकाळचे चित्र वेगळे होते. काम कधी संपेल हे आधी सांगता येत नाही. कधी बैठक लांबते, कधी निघता निघता कोणी काही विचारायला येते. अशा वेळी माणूस स्थानकावर वाटेल तेव्हा पोहोचतो, आणि मग सरासरीने दोन गाड्यांमधील अंतराच्या निम्मा वेळ वाट पाहतो. धीम्या गाडीसाठी ती पाच मिनिटे होती, जलद गाडीसाठी पंधरा. (गाड्या नियमित अंतराने आल्या तरच हे निम्म्याचे गणित लागू पडते. दहा-दहा मिनिटांनी येणाऱ्या गाड्या पाच आणि पंधरा अशा आळीपाळीच्या अंतराने येऊ लागल्या, तर गाड्यांची संख्या तीच राहूनही सरासरी वाट पाहणे पाचवरून सव्वासहा मिनिटांवर जाते, कारण मोठ्या अंतरात अधिक माणसे सापडतात.) चालण्याची तीन आणि वाट पाहण्याची दहा अशी तेरा मिनिटे वजा केल्यावर संध्याकाळी हाती राहिली आठ मिनिटे.

वेळापत्रकाप्रमाणे दोन्ही वेळची मिळून बचत बेचाळीस मिनिटांची होती. प्रत्यक्षात ती बावीस होती. याचा अर्थ, जास्तीच्या भाड्यातून विकत घेतलेला प्रत्येक तास मला वेळापत्रकावरून काढलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट दराने पडत होता. ज्यांना असा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी निदान एवढा एक भागाकार करून पाहावा: महिन्याचे जास्तीचे भाडे भागिले महिन्यात खरोखर वाचणारे तास. आलेला आकडा हा एका तासाचा भाव असतो, आणि त्या भावाला तो तास हवा आहे का हे मग सांगता येते.

दारापासून दारापर्यंत मोजण्याचे महत्त्व किती आहे हे इंग्लंडमधील केंट परगण्याच्या उदाहरणावरून माझ्या ध्यानात आले. तेथे २००९ च्या डिसेंबरपासून ताशी २२५ किलोमीटर वेगाच्या गाड्या रोजच्या प्रवाशांसाठी नियमित धावू लागल्या. अ‍ॅशफोर्डहून लंडनला जाण्यास पूर्वी सुमारे ऐंशी मिनिटे लागत. नव्या गाडीने ते अंतर चाळीस मिनिटांच्या आत आले, आणि या सेवेसाठी नेहमीच्या भाड्याहून अधिक भाडे ठेवले गेले. पण नव्या गाड्या सेंट पँक्रस स्थानकाला जातात, तर जुन्या मार्गावरच्या गाड्या चेअरिंग क्रॉस, कॅनन स्ट्रीट आणि व्हिक्टोरिया या स्थानकांना जातात. ज्याची कचेरी सेंट पँक्रसच्या आसपास आहे त्याला जवळजवळ अर्धा प्रवास माफ झाला. ज्याची कचेरी कॅनन स्ट्रीटला लागून आहे त्याला मात्र जलद गाडीतून उतरून भुयारी रेल्वे धरावी लागते, आणि वाचलेल्या मिनिटांचा मोठा वाटा तिथे खर्ची पडतो. एकाच गाडीत शेजारी बसलेल्या, एकाच भाड्याचे तिकीट घेतलेल्या दोघांना मिळालेली वस्तू सारखी नसते.

आतापर्यंत मी सगळी मिनिटे सारख्याच तोलाची धरली होती, पण ती तशी नसतात हे प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फलाटावर उभ्याने काढलेली दहा मिनिटे आणि खिडकीशी बसून काढलेली दहा मिनिटे यांत फरक आहे. वाहतूक प्रकल्पांचे मूल्यमापन करणारे अभ्यासक हा फरक हिशेबात धरतात. चालण्याचा आणि वाट पाहण्याचा वेळ गाडीतल्या वेळेच्या सुमारे दुप्पट जड मानण्याची पद्धत त्यांच्यात रूढ आहे, आणि दाटीवाटीत उभ्याने केलेला प्रवासही बसून केलेल्या प्रवासापेक्षा जड धरला जातो. हे वजन माझ्या नोंदींना लावून पाहिले. सकाळी जास्तीची तीन मिनिटे चालणे आणि चार मिनिटे थांबणे यांची चौदा झाली, आणि एकवीसमधून ती वजा जाता सात उरली. संध्याकाळी तीन मिनिटे चालणे आणि दहा मिनिटे थांबणे यांची सव्वीस झाली, आणि बचत शून्याच्या पाच मिनिटे खाली गेली. घड्याळाने जलद गाडी संध्याकाळीही आठ मिनिटे लवकर घरी पोहोचवत होती, तरी अंगाला मात्र तो प्रवास लांबल्यासारखा वाटत होता. नोंदी करण्याआधीही ही भावना होतीच. तिला आता आकड्यांचा आधार मिळाला.

यात अजून बसायच्या जागेचा विचार आलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. धीमी गाडी माझ्या स्थानकापासून सुटते. त्यामुळे सकाळी मला बसायला जागा मिळते आणि तासभर कोणी हलवत नाही. जलद गाडी माझ्या स्थानकाच्याही पलीकडून भरून येते. तिच्यात बहुतेक दिवस दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहावे लागते, एक हात कडीला, दुसरा पिशवीला. धीम्या गाडीच्या तासात मी वाचते, कामाचे एखादे टिपण लिहून काढते, एखाद्या दिवशी डोळे मिटून बसते. हा तास प्रवासाच्या खात्यात लिहिलेला असला तरी त्यातला मोठा भाग माझाच असतो. जलद गाडीच्या एकेचाळीस मिनिटांतले एकही मिनिट माझे नसते. म्हणून एकवीस मिनिटे वाचली असे म्हणताना वाचनाची किती मिनिटे गेली हेही त्याच कागदावर लिहायला हवे. वाचलेली एकवीस मिनिटे घरी एकत्र आणि अखंड मिळाली तर त्यांचे काही करता येते. सात सकाळी, पाच दुपारी अशी सुटी सुटी पडली तर ती दिवसात विरून जातात.

जागेचे मोल रेल्वे चालवणाऱ्यांनाही नीट कळलेले आहे. जपानमधील टोकियोच्या चुओ मार्गावर मार्च २०२५ पासून आरामशीर आसनांच्या डब्यांसाठी वेगळे शुल्क घेतले जाऊ लागले. ते डबे त्याच गाडीला जोडलेले असतात, त्याच वेळी निघतात आणि त्याच वेळी पोहोचतात. प्रवासी जास्तीचे पैसे देतो ते फक्त जागा मिळण्याची शक्यता वाढावी आणि प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. हे वाचल्यावर मी स्वतःला विचारले की माझ्या मार्गावर त्याच जास्तीच्या भाड्यात जलद गाडीत उभे राहणे आणि धीम्या गाडीत खात्रीने बसणे असे दोन पर्याय समोर ठेवले तर मी काय निवडेन. उत्तर शोधायला वेळ लागला नाही: मी बसणे निवडले असते. त्याच जलद गाडीत बसायला जागा मिळणार असेल तर उत्तर उलटे झाले असते. जास्तीचे भाडे योग्य आहे का, असा प्रश्न करताना त्या भाड्यात वेग आणि दाटी अशी दोन्ही एकत्र बांधून मिळतात हे विसरून चालत नाही.

आता उरला तासाचा भाव. वेळ ही वस्तू म्हणून हिशेबात धरायची आणि मिळकतीचा जो तास सोडावा लागतो त्यावरून तिची किंमत लावायची, हा विचार गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये नेटकेपणाने मांडला. त्या विचारातूनच पुढे प्रवासाच्या तासाला पैशांत मोजण्याचे संकेत रूढ झाले. अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या मार्गदर्शनात स्थानिक वैयक्तिक प्रवासाच्या तासाचे मोल कुटुंबाच्या तासाच्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या उत्पन्नाच्या) निम्मे धरतात. हा निम्म्याचा दर मी स्वतःला लावला, तेव्हा जलद पासाचा जास्तीचा खर्च सकाळपुरता परवडत होता आणि संध्याकाळपुरता परवडत नव्हता, म्हणजे नोंदींनी जे सांगितले तेच पैशांनीही सांगितले.

पण या रीतीत एक गोष्ट मला खटकत राहिली आणि ती मी मनापासून मांडू इच्छिते. तासाचा भाव मिळकतीवरून ठरवला की कमी मिळकतीच्या माणसाचा तास आपोआप स्वस्त होतो. मग दोन ठिकाणी काम करून घर चालवणाऱ्या, रात्री उशिरा घरी पोहोचून पहाटे पुन्हा निघणाऱ्या माणसासाठी जलद गाडी ‘परवडत नाही’ असे उत्तर येते, आणि ते उत्तर गणित म्हणून बरोबरही असते. त्याच माणसाच्या दिवसात मोकळी मिनिटे सर्वांत कमी असतात. झोपेचा एक तास त्याला ज्या किमतीला हवा असेल ती किंमत त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर दिसणार नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक प्रकल्पांचे मूल्यमापन करताना कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाच्या वेळेसाठी सर्व उत्पन्नगटांचे एकच सरासरी मूल्य धरण्याची पद्धत आहे, ती मला त्यामुळेच अधिक न्याय्य वाटते. नवा मार्ग बांधताना सगळ्यांचा तास सारखा धरायचा आणि तिकीट विकताना मात्र ज्याच्याकडे पैसे त्यालाच तो द्यायचा, ही विसंगती तरीही उरते. जलद गाडी धावावी म्हणून धीमी गाडी बाजूला घेतली जाते, तिच्यातले प्रवासी चार-पाच मिनिटे खिडकीतून शेजारच्या रुळांकडे पाहत बसतात. ती मिनिटे त्यांच्याकडून घेतलेली असतात, आणि त्यांचा मोबदला त्यांना कोणी देत नाही. जास्तीच्या भाड्याच्या बाजूने बोलायचे तर त्या उत्पन्नातून सर्वांसाठी गाड्या वाढल्या पाहिजेत, एवढी अट तरी मला किमान वाटते.

नोंदी चालू असतानाच माझ्या विभागातील एका ज्येष्ठ सहकारी बाईंशी या विषयावर बोलणे झाले. त्यांची मुलगी पाळणाघरात असते आणि ठरलेल्या वेळेनंतर पोहोचल्यास जादा आकार द्यावा लागतो. माझे आकडे त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, “तुझं गणित बरोबर आहे, पण ते माझं नाही. तुला मिनिटं वाचवायची आहेत, मला एक वेळ पाळायची आहे.” संध्याकाळी कितीही काम पडले तरी त्या एका ठरलेल्या जलद गाडीलाच निघतात, त्यामुळे अर्ध्या तासाच्या अंतराने येणाऱ्या गाड्यांचा जाच त्यांना होत नाही, आणि धीम्या गाडीने त्या पाळणाघराच्या वेळेत पोहोचूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी एकवीस मिनिटे ही थोडीथोडकी बचत नसून मुलीला वेळेवर घेता येणे आणि न येणे यांतली सीमारेषा आहे. अशा ठिकाणी तासाचा भाव काढण्यात अर्थ नसतो. ज्यांची दिवसाची कोणतीतरी एक वेळ पक्की असते, त्यांनी जलद पास घ्यावा असे मी आता न विचारताही सांगते.

आणखी एक प्रश्न मला वाचनातून मिळाला. याकोव झहावी या वाहतूक-अभ्यासकाने निरनिराळ्या शहरांच्या माहितीवरून दाखवले होते की माणसे सरासरीने दिवसाचा साधारण एक तास प्रवासाला देतात; चेझारे मार्चेट्टी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये हाच विचार पुढे नेला आणि मांडले की वाहने वेगवान झाली की माणसे वाचलेला वेळ खिशात न घालता अधिक दूर राहायला जातात. माझ्या ओळखीतल्या काहींनी जलद गाडी आहे म्हणून दूरवर मोठे घर घेतले आहे आणि त्यांचा प्रवास पूर्वीइतकाच लांब राहिला आहे. त्यांच्यासाठी जलद पासाची किंमत नुसत्या भाड्याशी तोलता येत नाही; ती घराच्या हप्त्याशी, मुलांच्या शाळेशी आणि नोकरी बदलण्याच्या मोकळिकीशी बांधली गेलेली आहे. प्रवास माणसाला किती जाचतो याची काही मोजमापेही झाली आहेत. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांकडून त्यांच्या आदल्या दिवसाचा तपशीलवार वृत्तांत लिहून घेतला, तेव्हा कामावर जाण्याचा प्रवास हा दिवसातल्या सर्वांत कमी सुखाच्या गोष्टींमध्ये आला. आलोइस श्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांना जर्मनीतील माहितीत असे आढळले की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगले घर किंवा अधिक पगार यांतून ती तूट भरून येत असावी, हा अंदाज तिथे खरा ठरत नाही. म्हणून दूर घर घेण्याच्या आधी जे हा हिशेब मांडत आहेत, त्यांनी जलद गाडी बंद पडली, तिचे भाडे वाढले किंवा तिने आपले स्थानक गाळले, तर आपले काय होईल हे आधी पाहावे, असा माझा आग्रह आहे. धीम्या गाडीच्या वेळेतही जे घर सोसवेल, त्या घरासाठी जलद गाडी ही सोय ठरते; अन्यथा तिचे भाडे हा घराच्या हप्त्याचाच एक भाग होऊन बसतो आणि त्यावर आपला काही अधिकार चालत नाही.

या सगळ्यानंतर मी जो निर्णय घेतला तो संपूर्ण महिन्याच्या जलद पासाचा नव्हता. आमच्या मार्गावर धीम्या गाडीचा पास असणाऱ्याला फरकाचे तिकीट काढून एका फेरीपुरते जलद गाडीने जाता येते. ज्या सकाळी लवकरची बैठक असते किंवा दवाखान्यासारखी ठरलेली वेळ असते, त्या सकाळी मी फरकाचे तिकीट काढते. बाकी दिवशी धीम्या गाडीत बसून वाचते, आणि संध्याकाळी फलाटावर जी गाडी आधी येईल ती धरते. ती बहुतेक वेळा धीमी असते. या व्यवस्थेचा आणखी एक लाभ आहे. महिन्याचा जलद पास आगाऊ घेतला की समोर उभी असलेली, मोकळी धीमी गाडी सोडून पुढच्या जलद गाडीसाठी थांबावेसे वाटते, कारण पैसे भरलेले असतात. जलद गाडीच्या आठवड्यांत हा मोह मला रोज जाणवला आणि शेजारी उभ्या असलेल्या कित्येकांमध्येही दिसला. फेरीगणिक पैसे दिले की प्रत्येक वेळी निर्णय त्या दिवसाच्या गरजेवर घेता येतो. ज्या रेल्वेसेवा असे फरकाचे तिकीट देत नाहीत, त्यांच्या प्रवाशांनी ते मागितले पाहिजे. प्रवाशाच्या दृष्टीने पासाच्या दरात सूट मिळण्यापेक्षाही ती सोय मोलाची आहे.

अलीकडे आमच्या मार्गाचे नवे वेळापत्रक जाहीर झाले आहे. जलद गाडीच्या वेगात किंवा भाड्यात काही फरक नाही, पण गर्दीच्या वेळी ती अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांनी सुटणार आहे. मी लगेच जुनी वही काढून नवे आकडे मांडले. संध्याकाळी वाट पाहण्यातला फरक दहा मिनिटांवरून अडीच मिनिटांवर येतो, त्यामुळे घड्याळाची बचत आठवरून साडेपंधरा मिनिटांवर जाते, आणि चालण्या-थांबण्याला दुप्पट वजन दिले तरी ती शून्याखाली न जाता दहा मिनिटे राहते. सकाळची राखीव चार मिनिटे बहुधा दोनवर येतील. गाड्या दुप्पट झाल्यावर दाटी निम्मी होते की पलीकडच्या स्थानकांवरून नवे प्रवासी येऊन ती जागा भरून काढतात, हे मात्र गाडीत चढल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या नूतनीकरणाला मी एका महिन्यापुरता जलद पास घेणार आहे आणि या वेळी वहीत बसायला जागा मिळाली की नाही यासाठी वेगळा रकाना आखला आहे.